कावीळ उतरवणारीची कावीळ

मला कावीळ झाली हे कळल्यावर गावातली निम्मी माणसं हसली. हसणारच. गेली चौदा वर्षं दर रविवारी आणि बुधवारी सकाळी माझ्या ओट्यावर कावीळवाली माणसं येऊन बसतात. आमच्या घरात काविळीचं औषध आहे. माझ्या सासूला तिच्या सासूनं दिलं, सासूनं मला दिलं. जवळा बाजारच्या आसपासच्या खेड्यांतून लोक उपाशीपोटी येतात, मी एक झाडपाला वाटून ताकातून देते, पथ्य सांगते, तीन खेपा करायला लावते. कुणाकडून पैसा घेत नाही, त्यांच्या हातचा चहासुद्धा घेत नाही. आणि औषधाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की गुण जातो, हा आमच्या घरचा पहिला नेम.

तर हसणाऱ्यांचा मला राग नाही. राग दुसऱ्यांचा आहे, आणि त्यात पहिला नंबर माझा स्वतःचाच लागतो.

मी दहावी शिकलेली बाई. ब्लाऊज शिवते. लिहिण्याची सवय हिशेबाच्या वहीपुरती. पण नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुमनताई, तुमचं लोक ऐकतात, झालं ते जसंच्या तसं लिहून काढा. म्हणून लिहिते. गोड करून लिहिता येत नाही, आधीच सांगून ठेवते.

हात

सुरुवात काविळीनं झाली नाही, हातानं झाली. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ मिटायची नाही. सुई ओवता येईना, हुक लावता येईना. दुकानात बायकांची ब्लाऊजं पडून राहायला लागली, आणि ऐन लग्नसराईत ब्लाऊज वेळेवर दिलं नाही तर बायका काय काय बोलतात ते शिंप्यालाच विचारावं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आमवात सांगितला. गोळ्या दिल्या. म्हणाले, बहुतेक जन्मभर घ्याव्या लागतील.

हा 'जन्मभर' मला लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला किती सहज सांगतात बघा. पाच महिने मी त्या गोळ्या घेतल्या. खरं सांगायचं तर फरक पडला होता, दुपारपर्यंत बोटं चालायला लागली होती. पण मला अर्धा फरक नको होता, सगळा पाहिजे होता. आणि दुसऱ्यांना झाडपाला देणारीनं स्वतः गोळ्या खायच्या, याची मला आतून लाज वाटायची. कुणी आलं की मी गोळ्यांची पाकिटं मशीनच्या खणात लपवायची.

माझ्या दुकानाला लागून नजमाचं बांगड्यांचं दुकान. वीस वर्षांचा शेजार. तिच्या सासरची माणसं निजामाच्या काळापासून इथंच बांगड्या विकतात. नजमाला गुडघ्यांची तकलीफ. तिनंच मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. औंढ्याच्या पलीकडं माळावर एक शिबिर भरतं, सात दिवसांचं, योग आणि वनौषधी दोन्ही एकत्र. काठी टेकत आलेली बाई सातव्या दिवशी नाचते, असा व्हिडिओ.

नजमा एकटी जाणार नव्हती. मला म्हणाली, तुला झाडपाल्यातलं कळतं, तू असलीस तर मला भ्या न्हाई. मी म्हणाले, चल.

माळावर

मोठा पत्र्याचा हॉल, खाली सतरंज्या, समोर पांढऱ्या झब्ब्यातले सर. पुण्याकडचे. तिशी-पस्तिशीचा माणूस, आवाज असा की ऐकत राहावं. आम्हाला सगळ्यांना 'साधक' म्हणायचे. पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीत जमा झाले. मग फुलं घातलेली एक टोपली फिरली, तिच्यात सगळ्यांनी आपापल्या गोळ्या टाकायच्या. सर म्हणाले, विषाला हसतमुखानं निरोप द्या. माझ्या शेजारच्या बाईनं शुगरच्या गोळ्या टाकल्या, पलीकडच्या म्हाताऱ्यानं हृदयाच्या टाकल्या. मीही माझी पाकिटं टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता मला कुणी म्हणेल, तुम्ही येड्या होता काय? होतो. पण शिबिरातलं चांगलं काय होतं तेही सांगितलं पाहिजे, नाही तर माझ्यासारखी पुढची बाई का फसते ते कळायचं नाही. सात दिवस मला कुणी भाकरी टाक म्हणालं नाही. सकाळी माळावरच्या थंड हवेत आसनं, प्राणायाम, मग शवासन. लग्नानंतर पंचवीस वर्षांत मी दिवसाढवळ्या पाठ टेकून पडलेली नव्हते. शवासनात मला रडू आलं, नजमालाही आलं, आणि सर म्हणाले, हे आतलं विष बाहेर पडतंय. विष कसलं, थकवा होता तो. पण बरं वाटलं, ते खोटं नव्हतं. योगासनं मी आजही करते. योगाशी माझं भांडण नाही.

भांडण काढ्याशी आहे. दिवसातून तीनदा स्टीलचा ग्लासभर काढा, गुळवेलीचा म्हणून. पहिल्याच घोटाला मला शंका आली. गुळवेल कडू असते, पण हा कडूपणा घशात जाऊन बसत होता, जीभ बधिर करत होता. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या मागं पाणी आणायला गेले, तिथं पोती ठेवलेली. एका पोत्याचं तोंड उघडं होतं.

गुळवेल मी ओळखते. आमच्या विहिरीजवळच्या लिंबावर चढलेली आहे. तिची साल कागदासारखी नखानं निघते, खाली हिरवंगार. पोत्यातल्या काड्या जाड, काळपट, आणि अंगभर बारीक बारीक गाठी, चामखीळ उठल्यासारख्या. ही गुळवेल नव्हती. गुळवेलीची बहीण-बिहीण असेल, मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. पण गुळवेल नव्हती हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, मालाची गाडी बाहेरून येते, आमाला काय ठाव.

आणि मी काय केलं? काहीच नाही. अळीमिळी गुपचिळी.

काहून, ते सांगते. आमच्या घरचा दुसरा नेम असा की दुसऱ्याच्या औषधाला टोकायचं नाही. दुसऱ्याच्या औषधाला नाव ठेवलं तर आपल्या हाताचा गुण जातो. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, औषध देताना माझ्याकडून दोन्ही नेम वदवून घेतले होते. चौदा वर्षं मी ते पाळले होते. भोंदू म्हणावे असे कितीतरी औषधवाले मी पाहिले, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवशीही काढला नाही.

संध्याकाळी काढा पिताना नजमानं तोंड वाकडं केलं. मला म्हणाली, "सुमन, ये बराबर हाय ना? लईच कडू लागून राहिलं."

मी म्हणाले, "औषध हाय. कडू असणारच."

तिनं नाक दाबून ग्लास रिकामा केला.

घरी

घरी येताना चाळीस दिवसांच्या पुड्या दिल्या होत्या. कोर्स मोडायचा नाही, मोडला तर उलटतो, असं बजावलेलं. मी आणि नजमा दुकानाच्या मागं एकाच पातेल्यात उकळायचो आणि सोबत प्यायचो. बोटांची सूज गोळ्या बंद केल्यावर परत आली होती, पण मी ती कुणाला दाखवत नव्हते.

तीनेक आठवड्यांनी अंगाला खाज सुटली. भूक मेली. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. मी चार दिवस आरशासमोर उभी राहायचं टाळलं. शेकडो लोकांची खालची पापणी ओढून मी डोळा पाहिलाय, पण स्वतःची ओढायला हात धजेना. पाचव्या दिवशी दुकानाच्या आरशात पाहिलं. हळदीसारखा पिवळा.

आमचे मालक जवळा बाजार ते औंढा काळी-पिवळी जीप चालवतात. कमी बोलणारा माणूस. तेवढंच म्हणाले, "नांदेडला चल."

मी म्हणाले, "काविळीचं औषध देणारी कावीळ घेऊन दवाखान्यात गेली तर रविवारी आपल्या ओट्यावर कोन येईन?"

लोक म्हणतात सासूनं अडवलं. नाही. सासू बिचारी एका शब्दानं बोलली नव्हती. मीच अडले. घराण्याचं नाक म्हणजे माझंच नाक होतं ना. देणाऱ्यानं स्वतःच्या हातचं औषध घ्यायचं नसतं, म्हणून आत्याबाईंनी पाटा काढला आणि मला पहिली खेप दिली. तेल बंद, मीठ बंद. आणि सोबत माळावरचा काढाही चालू, कारण कोर्स मोडायचा नाही. पित्तावर दोन्हीकडून मारा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर शहाणपणानं गोठाच पेटवला होता.

यातलं सगळ्यात लाजिरवाणं अजून सांगितलेलंच नाही. रविवारी ओट्यावर माणसं आली. मी पोराचा काळा गॉगल लावला, डोळे आलेत म्हणून सांगितलं, आणि बसले औषध द्यायला. काळ्या काचेतून एकेकाची पापणी ओढून बघत होते आणि सांगत होते, लई न्हाई, उतरंल. माझी स्वतःची मात्र चढत चालली होती. बुधवारी परत तेच.

तिसऱ्या खेपेच्या रविवारी उलट्या सुरू झाल्या. मला वाटत होतं मी बरी बोलते आहे, पण मालक सांगतात की मी जावेला बाजारातल्या गिऱ्हाईकाच्या नावानं हाक मारत होते आणि ब्लाऊजच्या गळ्याला बाही लावून बसले होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही. मला उचललं, जीपमध्ये मागच्या बाकावर आडवं केलं आणि नांदेडला आणलं. रस्त्यात हात करणाऱ्या पॅसेंजरांसाठी जीप थांबली नाही, एवढंच मला आठवतं.

नांदेड

दवाखान्यातला दिवस रक्तापासून सुरू होतो. सकाळी सकाळी पोरगी येते, दंडाला पट्टा बांधते, नळीभर रक्त घेऊन जाते. मग दिवसभर त्या रक्तात काय निघालं याची वाट पाहायची. सलाइन, गोळ्या, लघवी मोजायची, पोट दाबून बघायचं. खाज अशी की कातडं ओरबाडून काढावं. वॉर्डातली झाडूवाली मावशी एकदा माझ्या पायथ्याशी टेकली आणि न विचारता माझी वीसही नखं कापून दिली. रक्त काढून घेणारे बरेच होते, सुख देणारी ती एकटी. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, कुठला काढा, चूर्ण, झाडपाला काही घेतलंत का?

मी म्हणाले, "न्हाई."

मालक शेजारी उभे होते. ते भिंतीकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी परत विचारलं. म्हणाल्या, नेहमीच्या काविळीच्या तपासण्या कोऱ्या आल्यात, काहीतरी पोटात गेल्याशिवाय लिव्हर असं जळत नाही. मी परत न्हाई म्हणाले. मालक परत भिंतीकडं. बाई गेल्यावर मी त्यांच्यावरच उखडले. म्हटलं, माझ्या तोंडाला कुलूप आहे, तुमच्या तोंडाला काय झालं? तर म्हणाले, "नेम तुझा हाय. मी कसा मोडू?"

पंचवीस वर्षांच्या संसारात एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. मरत्या बायकोचा नेम पाळत बसलेला माणूस. आणि लगेच त्याच माणसानं कंगवा घेतला आणि माझ्या केसांचा गुंता सोडवायला बसला. रागवावं तरी कसं, सांगा.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं की रक्त गोठायला वेळ लागतोय. दोन दिवसांत सुधारलं नाही तर हैदराबादला न्यावं लागेल, कदाचित लिव्हर बदलायची वेळ येईल. मालकांनी आत येऊन मला एवढंच विचारलं, माझं चालंल का तुला? मी म्हटलं, गाडीचा पार्ट आहे का तो? त्यावर आम्ही दोघंही हसलो, आणि मग मी तोंडावर पदर घेतला.

एवढं होऊनही मी बोलले नव्हते बरं का. मरायची तयारी होती, नाव सांगायची नव्हती. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

नजमा

त्याच दुपारी नजमा आली. जवळ्याहून दोन गाड्या बदलून आली होती. पिशवीतून तिनं डाळिंबं काढली, आणि मग नर्सकडं पाठ करून एक बाटली काढली. म्हणाली, तुझा कोर्स तुटून राहिला, मी गाळून आणलाय, पिऊन घे.

ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. ऊन तिच्या तोंडावर होतं. माझा हात सवयीनं वर गेला आणि मी तिची खालची पापणी ओढली.

पिवळा. अजून फिका, पण पिवळा.

पुढचं मला नीट क्रमानं आठवत नाही. मी ओरडले असेन, कारण डॉक्टरीणबाई धावत आल्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगितलं. माळावरचं शिबिर, गुळवेल म्हणून दिलेली गाठीवाली वेल, चाळीस दिवसांच्या पुड्या, तिसऱ्या दिवशी पोत्यात पाहिलेल्या काड्या. आणि मागोमाग आमच्या घरचं औषधही सांगितलं, नावानिशी. चौदा वर्षांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलं. बाईंनी कागदावर लिहून घेतलं. आकाश कोसळलं नाही.

नजमा माझ्याकडं बघत होती. आमच्यासोबत ती नेहमी मराठीतच बोलायची, पण तेव्हा घरची बोली आली.

"तेरेकू मालूम था?" ती म्हणाली. "तिसरे दिन से मालूम था?"

मी मान हलवली.

"मैं पूछी थी तेरेकू. बराबर हाय ना, पूछी थी. तू क्या बोली?"

मी काय बोलले होते ते तिला पाठ होतं, मलाही. तिनं डाळिंबं परत पिशवीत भरली, एक एक करून, आणि तपासणीसाठी रक्त द्यायला निघून गेली.

तिला त्याच वॉर्डात माझ्यापासून तिसऱ्या खाटेवर घेतलं. आठ दिवस ती तिथं होती, भिंतीकडं तोंड करून. तिचं लवकर सापडलं म्हणून लवकर उतरलं. माझं उतरायला पाच आठवडे लागले. काढा बंद, घरचं औषध बंद, त्यांची औषधं चालू. हैदराबाद टळलं. आमवाताच्या गोळ्याही मग हळूहळू परत सुरू झाल्या. त्या आता मी मशीनच्या खणात ठेवत नाही, काउंटरवर ठेवते.

नजमा आजही माझ्याशी बोलत नाही. दुकानं लागून आहेत. सकाळी ती शटर उघडते, मी उघडते. तिच्याकडं कुणी ब्लाऊजचं विचारलं तर माझ्याकडं पाठवते, पण स्वतः येत नाही. मी दोनदा तिच्या दारात उभी राहिले. ती बांगड्यांचे डबे पुसत राहिली. बराबरच आहे तिचं. तिनं माझ्या भरवशावर नाक दाबून तो ग्लास प्याला होता.

सरांचं काय

मालकांनी दवाखान्यातूनच सरांना फोन लावला होता. सर म्हणाले, शरीर जुनी घाण बाहेर टाकतंय, घाबरू नका, काढा थांबवू नका. त्यावर आमच्या मुक्या माणसानं त्यांना अशी शिवी घातली की अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. ती इथं लिहिता येत नाही, पण मला फार गोड लागली.

बरी झाल्यावर मी माळावर गेले. विहिरीजवळच्या गुळवेलीची एक काडी सोबत नेली. नवी तुकडी बसलेली, तोच हॉल, मागं तीच पोती. टोपली फिरून झाली होती. मी पोत्यातली एक काडी उचलली, मधल्या वाटेनं पुढं गेले, दोन्ही काड्या हातात धरल्या आणि सगळ्यांना सांगितलं, ही गुळवेल, आणि ही तुमच्या ग्लासातली. माझं पोट अजून दुखत होतं, आवाज चिरकत होता. सर शांत होते. हात जोडून म्हणाले, "ताई, तुमची श्रद्धा कमी पडली."

श्रद्धा? अरे बाबा, श्रद्धा कमी पडली असती तर मी वाचले असते ना! मी श्रद्धेपायीच मरत होते. हे मी तिथं बोलले का घरी येऊन सुचलं, आठवत नाही. दोन बाया उठल्या आणि टोपलीतून आपल्या गोळ्या शोधून घेऊन माझ्यासोबत बाहेर आल्या. बाकीचे डोळे मिटून श्वास मोजत बसले. तालुक्याला अर्ज दिला आहे. पोच मिळाली. पुढं काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि पुढच्या तुकडीचा व्हिडिओ मात्र मोबाइलवर आलाय.

रविवार

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, साधी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आराम केला की. तुमच्या तीन खेपा होईपर्यंत ती उतरायच्याच मार्गावर असते. मग म्हणाल्या, "पण ज्यांची उतरत नाही ती माणसं तुमच्याकडं तिसऱ्या खेपेला येतात का?"

येत नाहीत. काही माणसं दुसऱ्या खेपेनंतर येत नाहीत. मी समजायची, गुण लवकर आला. चौदा वर्षं तसंच समजत आले. ती माणसं कुठं गेली ते कधी विचारलं नाही. जीपमधून घरी येताना मला एकेक चेहरा आठवायला लागला. एक हिरव्या पातळातली बाई, एक दाढीवाले मौलवी, शेळ्या राखणारा एक गडी. त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही. आता कळायला मार्गही नाही. शिबिरवाल्या सरांवर बोट रोखणं सोपं होतं. पण त्यांच्याकडं पोतं होतं तसा माझ्याकडं पाटा होता.

मी दवाखान्यात होते तेव्हा आत्याबाईंनी ओटा बंद पडू दिला नव्हता. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, कमरेतून वाकलेली, तरी स्वतः वाटून देत होती. मी घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी आठ-नऊ माणसं बसलेली होती. त्यात सातव्या महिन्यातली एक पोरगी, भावासोबत आलेली. मी पापणी ओढली. नखंसुद्धा पिवळी. बोलताना तिला धाप लागत होती. पोटुशी बाई आणि कावीळ म्हणजे काय असतं, ते मला पाच आठवड्यांत वॉर्डात कळलं होतं.

भावाला म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. तर तो म्हणे, एवढ्या लांबून तुमचं नाव ऐकून आलोय, आदी औषध द्या, मग बघू. बाकीचेही बोलायला लागले. एकजण म्हणाला, बाईचा स्वतःचा गुण गेला म्हणून आमाला हाकलून राहिली.

आत्याबाईंची वाटी भरलेली होती. मी त्यांच्या हातातून ती घेतली, तळातला पाला बोटावर घेतला आणि सगळ्यांना दाखवला.

"ही भुईआवळी हाय," मी म्हणाले. "आमच्या घरचं औषध म्हंजे ही भुईआवळी, ताकात वाटलेली. दुसरं काय न्हाई. आता नाव सांगितलं. आता हिचा गुण गेला. आता कोन काय मागायला थांबलंय?"

मग मागं बसलेला एक म्हातारा पुढं आला, वाटीत डोकावून म्हणाला, "हीच व्हय? ही तर आमच्या सोयाबीनीत ढिगानं उगवती. आमी खुरपून फेकतो."

"व्हय," मी म्हणाले. "तीच."

त्याला फसवल्यासारखं वाटलं असावं. धोतर झटकून तो उठला. मग एकेक उठले. पोरीच्या भावाला अजून काय करावं कळत नव्हतं, पण मालकांनी जीप दारात लावली होती आणि पोरगी आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसली. भावाला मागून पळत यावं लागलं.

ओट्यावर आम्ही दोघीच राहिलो. आत्याबाई पाट्याजवळ बसून होत्या. त्यांच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत होईना. माझी चौदा वर्षं गेली, त्यांची तर चाळीसच्या वर. तरी मी रागातच होते, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनाच विचारलं.

"आत्याबाई, गुण व्हता का हिच्यात?"

त्यांनी वाटी उपडी केली, पाटा पदरानं पुसला.

"मला काय ठाव, पोरी," त्या म्हणाल्या. "इचारायचं न्हाई, असंच सांगितलं व्हतं मला."